हरळीचं बिल

ताई,

आम्ही पुण्याजवळच्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये राहतो. आठ सोसायट्या, मिळून 1,150 फ्लॅट, वर सगळ्यांचं मिळून एक फेडरेशन. मधोमध नऊ होलचं गोल्फ कोर्स, माहितीपत्रकात ‘25 एकर हिरवळ’ म्हणून मिरवलेलं. आमच्या अकराव्या मजल्यावरून ते दिसतं, म्हणून बिल्डरने सहा लाख जास्त घेतले. ताबा घेऊन हे चौथं वर्ष. महिन्याचा मेंटेनन्स गेल्या वर्षी 5,600 होता, यंदा 7,900 आणि वर जीएसटी. मी गोल्फ खेळत नाही. मुलं चुकून फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या लांब हिरव्या पट्ट्यावर, गेली तर वॉचमन शिट्टी मारून हाकलतो. एप्रिलमध्ये आमच्या टाकीत टँकरचं पाणी आणि समोर स्प्रिंकलर चालू! अजून सातशेच घरांत माणसं राहतात, तरी ही अवस्था. स्विमिंग पूलच्या फरश्या निघाल्यात, तो तीन महिने बंद आहे. आता काहींनी टूम काढलीय की तीन होलची जागा बिल्डरला द्यायची, तो तिथे दोन टॉवर बांधेल आणि मेंटेनन्स कमी करून देईल. संमतीचा कागद दारोदार फिरतोय. मी सही करणार होते, पण माझा नवरा त्या चाळीस-पन्नास गोल्फवाल्यांपैकी एक. या विषयावर घरात आता बोलणंच बंद आहे. सोबत फेडरेशनचा हिशेब जोडलाय.

— अकराव्या मजल्यावरची

सही करू नका. निदान आज तरी नाही. का, ते पुढे सांगते, पण आधी तुमचा हिशेब घेऊन बसू या. तो मी दोनदा वाचला. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते, त्यामुळे ताळेबंद दिसला की चष्मा आपोआप डोळ्यांवर चढतो.

‘लँडस्केपिंग’ या एकाच ओळीत गोल्फ कोर्स, बाग, रस्त्याकडेची झाडं, सगळं कोंबलंय. गेल्या वर्षी 96 लाख, यंदा 1 कोटी 32 लाख. आकडा मोठा वाटतो खरा. पण 1,150 घरांवर आणि बारा महिन्यांवर पसरला की दरमहा घरटी 957 रुपये होतात, आणि त्यातली यंदाची वाढ 261 रुपये. तुमचा मेंटेनन्स वाढला 2,300 रुपयांनी. मग उरलेले दोन हजार आले कुठून?

जमेची बाजू बघा. गेल्या वर्षी ‘विकासकाचा वाटा’ म्हणून 1 कोटी 90 लाख जमा होते. यंदा ती ओळच नाही. नुसती ती ओळ गेल्यामुळे दरमहा घरटी 1,377 रुपयांचा खड्डा पडलाय. बाकीची वाढ लिफ्ट आणि जनरेटरच्या वार्षिक करारांची. वॉरंटी संपली की हे करार गळ्यात पडतातच, प्रत्येक नव्या संकुलात तिसऱ्या-चौथ्या वर्षी हेच होतं. मग न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स सध्या कोण भरतंय, हा प्रश्न फेडरेशनला लेखी विचारा. आणि तोंडी उत्तर आलं तर तेही लेखी मागा.

आणखी एक गोष्ट. महिन्याला 7,500 रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की, खात्याच्या 2019च्या परिपत्रकाप्रमाणे, फक्त वरच्या रकमेवर नाही तर सगळ्या रकमेवर 18 टक्के. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये फक्त वरच्या रकमेवरच कर लावा असं म्हटलं, पण तुमच्या बिलात पूर्ण रकमेवर लावलेला दिसतो. म्हणजे 7,900वर 1,422 आणि हातात पडतं 9,322चं बिल. चारशे रुपये कुठेतरी वाचवून 7,500वर थांबले असते तर घरटी अठराशे रुपये वाचले असते. ही चर्चा तुमच्या सभेत झाली का? मला वाटतं सगळा वेळ गोल्फवर भांडण्यात गेला असणार. गोल्फ कोर्स खिडकीतून दिसतं. न आलेले एक कोटी नव्वद लाख दिसत नाहीत.

म्हणून गोल्फवाले निर्दोष, असं मात्र नाही. ‘मी खेळत नाही तर मी का भरू’ या तुमच्या प्रश्नाला नेहमीचं उत्तर लिफ्टचं. तळमजल्यावरचे लिफ्ट वापरत नाहीत, तरी सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखंच. हे बरोबर आहे, पण अर्धंच. लिफ्ट सोसायटीच्या मालकीची असते. तुमचं गोल्फ कोर्स कुणाच्या मालकीचं आहे?

सगळं प्रकरण मला इथे अडलेलं दिसतं. तुमच्या पत्रात, हिशेबात, त्या संमतीच्या कागदात, कुठेही याचं उत्तर नाही. आपला करारनामा काढा आणि मागची परिशिष्टं वाचा, जी आपण सही करताना कधीच वाचत नाही. गोल्फ कोर्स ‘सामाईक क्षेत्र व सुविधा’ या यादीत आहे, की क्लबच्या कलमात? अनेक करारांत क्लब आणि गोल्फची जागा बिल्डरकडेच राहते आणि रहिवाशांना मिळतो तो फक्त वापराचा हक्क, तोही सभासद फी भरली तर. तुमचं तसं असेल, तर सामाईक मेंटेनन्समधून त्या गवतावर एक रुपयाही खर्च करणं म्हणजे शेजाऱ्याची भिंत स्वतःच्या पैशाने रंगवणं. तिसरीही एक शक्यता आहे, आणि ती मला सर्वांत जास्त संभवते: मंजूर रेखांकनात ही जागा मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे, तिच्या जोरावर इमारतींना मंजुरी मिळाली आहे, आणि तुमच्या फेडरेशनच्या नावावर ती अजून झालेलीच नाही.

शोधायला वकील लागत नाही. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे आणि सुविधांची यादी असते. सातबारा महाभूलेखवर मिळतो, डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपयांत. रेखांकनाची प्रत ज्या प्राधिकरणाने मंजुरी दिली तिथून माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. जमीन नावावर झालेली नसेल तर आधी कन्व्हेयन्स, म्हणजे ती नावावर करून देणारा दस्त, मागा. बिल्डर करत नसेल तर त्याच्याशिवाय जमीन नावावर करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय कायद्यात 2008पासून आहे. शब्द भयंकर आहे, पण प्रक्रिया तितकी नाही.

आता ती सही. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मंजूर रेखांकन किंवा सामाईक जागा बदलायची तर दोनतृतीयांश ग्राहकांची आगाऊ लेखी संमती लागते, आणि त्यात बिल्डरला मत नाही. एकाच माणसाने दहा फ्लॅट घेतले असले तरी तो एकच धरतात. म्हणूनच तो कागद दारोदार फिरतोय, तुमच्या काळजीपोटी नाही. त्या कागदावर टॉवर किती मजल्यांचे, त्यांतली माणसं कुठून पाणी घेणार, त्यांच्या गाड्या कुठल्या गेटने येणार, हे लिहिलंय का? मेंटेनन्स किती रुपयांनी आणि किती वर्षं कमी होणार, हे लिहिलंय? समोर ठोस आराखडा नसताना सरसकट दिलेली संमती ही खरी संमती नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने मोफा या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्याच्या संदर्भात म्हटलेलं आहे. पण सही करून मग न्यायालयात जाण्यापेक्षा सही न करणं स्वस्त. आणि ज्या दृश्यासाठी तुम्ही सहा लाख मोजलेत, त्याच्यासमोर टॉवर उभा राहायला तुम्हीच परवानगी देताय, एवढं लक्षात असू द्या.

आता गवत. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे.

माझं माहेर शेतकऱ्याचं. आमच्याकडे हरळी म्हणजे शत्रू. वावरात शिरली की नांगरून, कुदळून, काशा, म्हणजे तिची जमिनीतली खोडं, वेचून बांधावर जाळल्या तरी पुढच्या पावसाला पुन्हा हजर. गणपतीपुरती ती दूर्वा, एरवी बापाच्या, आमच्या आबांच्या, तोंडी शिव्या. गोल्फ कोर्सवर जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच. तिथे लावतात त्या तिच्याच संकरित जाती, पण कूळ तेच. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकांकडे गेले असताना भल्या सकाळी त्यांच्या कोर्सवर फिरायला गेले. एका ग्रीनवर चार बायका ओळीने उकिडव्या बसून खुरप्याच्या टोकाने एकेक काडी उपटत होत्या. जवळ जाऊन बघते तर लव्हाळा! खालची गाठ निघाली नाही तर आठवड्यात परत वर येतो, असं त्यांतली एक म्हणाली आणि हसून पुढे म्हणाली, “आमच्या रानात हरळी काढायची मजुरी मिळते, इथं हरळी राखायची.” मला आमचे आबा आठवले.

ही मजुरी, ही निगा कशासाठी, ते समजलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटेल. कोर्सवरचं सगळं गवत सारखं नसतं. ज्यात भोक आणि झेंडा असतो ते ग्रीन. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, जवळजवळ रोज, रील मोवरने. खाली वाळूचा थर असतो, त्यामुळे पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवस चुकले तर ते जळतं. जळालं की नवीन बसवायला महिने जातात. पण अशी नऊ ग्रीन मिळून जागा किती? एकेक साधारण 500 चौरस मीटर धरलं तर सगळी मिळून एकरापेक्षा थोडी जास्त. बाकीचा सगळा पसारा फेअरवे आणि त्याच्या कडेच्या उंच गवताचा, म्हणजे रफचा. तिथली हरळी उन्हाळ्यात पाणी तोडलं तर मरत नाही. पिवळी पडून झोपते, आणि मृगाच्या पहिल्या दोन पावसांत हिरवी होऊन उठते. हे आबांना विचारायची गरज नाही, कुठलाही बांध बघा.

आता पाण्याचं गणित. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात असं गवत हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागतं. एका एकराला ते 20,000 लिटर. 25 एकरांना पाच लाख लिटर, रोज. फॅसिलिटीवाले म्हणणार, आम्ही एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी देतो. ठीक, एसटीपीत येतं किती ते मोजू. सातशे घरं, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर: 3 लाख 78 हजार. त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, म्हणजे तीन लाख. त्यातून फ्लशसाठी माणशी 45 लिटरप्रमाणे सव्वा लाख गेले. उरले पावणेदोन लाख. एवढ्यात नऊ एकर भिजतात, त्यातही बाग आलीच.

पाच लाखांची गरज आणि पावणेदोन लाखांची आवक. मधले सव्वातीन लाख म्हणजे दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर दररोज. एवढे टँकर तुम्हाला गेटवर दिसत नसतील, तर एकतर बोअर उपसली जातेय किंवा तुमच्या पिण्याच्या टाकीतला हिस्सा गवतावर जातोय. फेडरेशनकडे एसटीपीचं लॉगबुक, मीटरची रोजची नोंद आणि टँकरच्या पावत्या मागा, फक्त एप्रिलच्या. सभासदाला हिशेब बघण्याचा हक्क आहे. आज-उद्या करू लागले तर तुमच्या सोसायटीतले एकपंचमांश सभासद मिळून विशेष सर्वसाधारण सभा मागू शकतात. तिथे ठराव करा आणि तो घेऊन तुमच्या प्रतिनिधीला फेडरेशनच्या सभेत पाठवा. नुसतं व्हॉट्सअॅपवर लिहून काही होत नाही. तिथे फक्त अंगठे दिसतात.

ठराव काय करायचा? फेब्रुवारी ते मे फक्त ग्रीन, टी (पहिला फटका मारायची जागा) आणि मुलांची बाग हिरवी. बाकी कोर्स तपकिरी. गोल्फवाले नाकं मुरडतील, “मग ते गोल्फ कोर्स कसलं?” म्हणतील. त्यांना अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचं उदाहरण द्या. तिथल्या नंबर दोन कोर्सवरचं 35 एकरांच्या आसपास गवत काढून तिथे वाळू आणि रानगवत परत आणलं. 2014 मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन तिथेच झाली, कडेने तपकिरी दिसणाऱ्या फेअरवेवर. जगातल्या पहिल्या शंभरांतले खेळाडू खेळले, तर तुमच्या नऊ होलवाल्यांचं काय बिघडतं?

त्याच ठरावात दोन गोष्टी आणखी घाला. ‘लँडस्केपिंग’ची ओळ फोडून गोल्फचा खर्च वेगळा दाखवायचा, आणि खेळणाऱ्यांना दर फेरीमागे शुल्क. जागा सगळ्यांची निघाली तर जमीन राखण्याचा खर्च सगळ्यांनी उचलायचा. ग्रीनवरची रोजची कापणी, लव्हाळ्याची मजुरी आणि बंकरची, म्हणजे खेळातल्या अडथळ्याच्या खड्ड्यांची, वाळू ही खेळणाऱ्यांची चैन. दुसरं, देखभालीचं कंत्राट बारा महिने एकाच दराने दिलं असेल तर ते मोडा. पावसाळ्यात पाणी नको, पंप नको, पण कापणी दुप्पट आणि बुरशीवर फवारणी. उन्हाळ्यात उलटं. आमच्याकडे बारा फूट बाय चाळीस फुटांच्या लॉनसाठी एक माळी जुलैतही पाणी घालण्याचे पैसे घेत होता. भर पावसात छत्री धरून पाइप सोडताना मी त्याला स्वतः पाहिलंय. विचारलं तर म्हणाला, “कामात खंड नको, ताई.” आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बिलावर चार वर्षं सह्या केल्या होत्या, त्यामुळे हसण्यापलीकडे काही बोलता आलं नाही.

मुलांचं मात्र मला खरंच टोचलं. खेळ चालू असताना मुलांनी तिथे जाऊ नये, हे बरोबर. गोल्फचा चेंडू 46 ग्रॅमचाच असतो, पण कपाळावर बसला तर टाके पडतात. पण खेळ चोवीस तास चालत नाही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्रूज, गोल्फचं माहेरघर, तिथला ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात. माहेरी जे चालतं ते सासरी का चालू नये? अनेक कोर्सवर सोमवारी देखभालीसाठी खेळ बंद ठेवतात. त्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात फेअरवे मुलांना आणि आजीआजोबांना खुला, ग्रीनभोवती दोरी. फवारणी झाली असेल त्या दिवशी मात्र कुणीच नाही, आणि फवारणीची पाटी आदल्या दिवशी लागली पाहिजे. एसटीपीचं पाणी सोडायचं ते रात्री, मुलं घरात असताना.

पूलचं थोडक्यात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमचं चौथं चालू आहे. फरश्यांचे फोटो काढून आजच लेखी नोटीस द्या, फेडरेशनच्या लेटरहेडवर, पोच घेऊन. सहाव्या वर्षी हाच खर्च तुमच्या बिलात येईल.

राहता राहिले तुमचे मिस्टर. तुम्ही त्यांना समोरच्या बाजूला उभं केलंय, पण या सगळ्यात तुमच्याकडे त्यांच्याइतका कामाचा माणूस दुसरा नाही. कुठल्या होलवरचा स्प्रिंकलर गळतो, तळ्यात टँकर किती वाजता रिकामा होतो, मोवर महिनाभर बंद असून बिल कशाचं लावलंय, हे त्या चाळीस जणांना माहीत असतं. तुमच्या फेडरेशनच्या चेअरमनला नसतं. आणि तीन होल गेले तर त्यांचा खेळही गेला. नऊचे सहा झालेल्या कोर्सवर कोण खेळतो! टॉवरच्या प्रश्नावर ते तुमच्याच बाजूचे आहेत, फक्त हे तुम्ही दोघांनी एकमेकांना अजून सांगितलेलं नाही. पाण्यावर भांडण होईल, ते होऊ द्या.

या शनिवारी ते खेळायला निघतील तेव्हा तुम्हीही पायात बूट घाला. उन्हाच्या आत नऊच्या नऊ होल त्यांच्यासोबत चाला, हातात वही घेऊन. कुठे पाणी साचलंय, कुठे हरळी नुसतीच झोपलीय आणि कुठे खरंच मेलीय, ते लिहून घ्या. ओळखायचं कसं? खाली वाकून एक काशी उपटा, नखाने सोला. आत पांढरी आणि ओली असेल तर जिवंत आहे. टँकरच्या पावत्या हाती आल्या की त्यांची बेरीज मला कळवा. माझ्या बत्तिसाच्या आकड्याशी ती किती जुळते, याची मला खरंच उत्सुकता आहे.